चिमाबाईनं न घेतलेलं नाव

श्रेयाच्या पैंजणांना मी मंचरच्या सोनाराकडून जास्तीची घुंगरं लावून आणली होती. सासूबाईंना वाटलं, हौस. हौस कसली! घरामागं पंधरा पावलांवर ऊस. त्या मार्चात तोडणी सुरू झाली आणि आतलं जनावर उघड्यावर आलं. आधी आमचं कुत्रं गेलं, मग वरच्या मळ्यातली कालवड, आणि मग पलीकडच्या वस्तीवरचं, ओट्यावर खेळणारं पोर. सासूबाई त्या जनावराचं नाव घेत नसत. "रातच्याला ते आलं व्हतं," एवढंच. मी मात्र बिबट्याला बिबट्या म्हणायचे. नाव घेतल्यानं काही होत नसतं, हे त्यांना हसून सांगायचे. घुंगरं वाजत असली की माझा हात चालायचा. थांबली की मी उठायचे.

अशाच एका दुपारी पोस्टमननं जाडजूड पाकीट आणून दिलं. सोलापूरहून, ढोबळे सरांचं. आत पुस्तकाची कच्ची छापलेली पानं, तपासायला. पहिल्याच पानावर 'घाटाचं गाणं आणि इतर कथागीतं', त्याखाली 'संपादन: भगवंत ढोबळे', आणि त्याखाली, तेवढ्याच ठळक अक्षरांत, 'संकलन' म्हणून माझं नाव. लग्नपत्रिका सोडली तर माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. एम.ए.चं दुसरं वर्ष सोडून लग्न होऊन निरगुडसरला आले, पुढच्या वर्षी श्रेया पोटात. आपण काही केलं असं दाखवायला माझ्याकडं हे एकच होतं. ते पान मी घडी न घालता कपाटात साड्यांखाली ठेवलं.

सरांना मी कधी पाहिलेलं नाही. ते मूळचे जुन्नरकडचे, नोकरीत सोलापूरला गेले ते तिथलेच झाले. जुनी गाणी जमवणाऱ्यांसाठी त्यांनी एका मासिकात आवाहन दिलं होतं, मी कार्ड टाकलं, आणि चार वर्षांत त्यांची एकसष्ट पत्रं आली. प्रत्येकाला नंबर. फोनचा प्रश्नच नव्हता. पन्नाशीत त्यांचे दोन्ही कान गेले होते. "गाणी जमवणारा बहिरा म्हणून लोक हसतात," त्यांनी लिहिलं होतं, "पण मला कागदावरचं ऐकू येतं. तुम्ही फक्त नीट लिहा." नीट म्हणजे कसं, तेही त्यांनी पहिल्याच पत्रात सांगून टाकलं होतं. गाणारीच्या तोंडून आलं तेच कागदावर. जे आलं नाही तिथं टिंबं द्यायची, अंदाजानं भरायचं नाही. आणि आपलं शहाणपण समासात.

या पुस्तकाचा जीव एकाच गाण्यात होता. कोकणातून बैलांवर मीठ घेऊन घाट चढणाऱ्या एका नाईकाचं ते गाणं. मेव्हणा दगा करतो, नाईक दरीत पडतो, बायको त्याचं पागोटं घेऊन घरी येते. आमच्या सपाटीच्या गावांत त्या नाईकाला भिमाजी म्हणतात. मी मात्र डोंगरातल्या चिमाबाईकडून ते गाणं टेपवर घेतलं होतं. आमच्याकडं कांदे काढायला टोळी आली होती, तिच्यात ती होती. तिच्या गाण्यात नाईकाचं नाव चांगोजी.

मेव्हण्यानं दावा धरला, घाव घातला पाठीला
चांगोजी गेला दरीत, पागोटं राहिलं काठीला

सर या ओळीवर वेडे झाले होते. डोंगरातलं गाणं अस्सल, चांगोजी हाच मूळ पुरुष, सपाटीच्या लोकांनी गाणं उचललं आणि त्यात आपला भिमाजी बसवला, असं त्यांचं म्हणणं. तीस वर्षं त्यांना हा संशय होता आणि माझ्या वहीनं तो खरा ठरवला होता. त्यावर त्यांनी चाळीस पानांची प्रस्तावना लिहिली होती.

पानं ताडून बघायला मी ओट्यावर टेपरेकॉर्डर लावला. सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. श्रेया अंगणात छुनछुन करत होती. गाणं सुरू झालं तशी सासूबाईंची मान डोलायला लागली, आणि एकदम थांबली.

"चांगोजी कोण गं? भिमाजी हाय त्यो."

"आपल्याकडं भिमाजी, आई. डोंगरात चांगोजी म्हणतात. त्यावर तर सरांनी एवढं लिहिलंय."

"मागं घे. परत लाव."

मी परत लावलं. त्यांनी लसणाची पाकळी तशीच हातात धरली.

"ऐकलंस का? दर बारीला नावाच्या आदी अडखळती बाई. बाकी गाणं कसं पाण्यावानी, आन् नाव आलं की बांगडी वाजती. हात तोंडापाशी नेती ती." त्या हसायला लागल्या. "अगं ही नवऱ्याचं नाव चुकवती! तिच्या मालकाचं नाव काय?"

मी आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून चिमाबाईचं माहितीकार्ड काढलं. सरांनीच पाठवलेला नमुना, प्रत्येक गाणारीसाठी भरायचा. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: नवऱ्याचं नाव: भिमाजी. पुढं कंसात: बाईंनी सांगितलं नाही, शेजारणीनं सांगितलं.

दोन वर्षं ते कार्ड माझ्या पेटीत होतं. त्याची नक्कल सरांच्या टेबलावर होती. दोघांनाही दिसलं नाही. सरांनी ती बांगडी कधी ऐकलीच नव्हती. आणि मी?

"लई शिकलीस," सासूबाई म्हणाल्या, "पर एवढं न्हाई कळलं? आपल्याकडं सयाजी म्हणून गडी व्हता. तुज्या सासऱ्याचं नाव त्येच. दहा वर्सं त्याला मी 'आरं बैलवाल्या' म्हनून हाक मारली. तू काय बाई, सुदर्शन, सुदर्शन म्हनून आख्ख्या आळीत बोंबलती, तुला कसं कळावं!"

त्यांनी चेष्टाच केली, पण ती नेमकी लागली.

दोन दिवस मी पत्र लिहिलं नाही. कपाट उघडायचे, साड्यांखालचं पान बघायचे, बंद करायचे. कुणाला कळणार होतं? सर बहिरे. सासूबाईंना लिहिता येत नाही. चिमाबाई सोलापूरला थोडीच जाणार होती! तिसऱ्या दिवशी सासूबाई सहज म्हणाल्या, "कळवलंस का त्या म्हाताऱ्याला? त्येच्या नावावर खोटं नगं जायला." मग लिहिलं. कार्डाची नक्कल जोडली. 

सरांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं. आशीर्वाद नव्हते, नंबरही नव्हता.

"तुमच्या सासूबाई काय म्हणतात यावर मी चाळीस पानं फाडणार नाही. एका नावाची दोन माणसं असू शकतात. चिमाबाईंना पुन्हा भेटा. चांगोजीच्या जागी भिमाजी असं त्यांच्या तोंडून एकदा येऊ द्या, मग फाडतो. आलं नाही तर जे आलं तेच छापलं जाईल, नियम तुम्हाला माहीत आहे. छापखाना पंचवीस तारखेपर्यंत थांबेल. भ. ढो."

सुदर्शनची चाकणला कंपनीत पहिली पाळी होती. श्रेयाला घरी ठेवायचा विचार मनात आला आणि मागच्या उसाकडं बघितल्यावर गेला. तिला कडेवर घेऊन एसटीनं मंचर, तिथून घोडेगाव, तिथून डिंभ्याच्या वरच्या अंगाला जाणारी जीप. जीपवाल्यानं सोडलं तिथून चिमाबाईची वाडी अर्धा तास चालत. वाटेत करवंदीची जाळी. प्रत्येक जाळीशी मी श्रेयाला या कडेवरून त्या कडेवर घेत होते.

चिमाबाईच्या अंगणात हिरडा वाळत घातला होता. ती मला बघून हरखली, श्रेयाच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, आणि लगेच आवाज खाली आणला.

"आत घरधनी पडल्यात. धाप लागती. घोडेगावच्या डाक्तरनं सुई दिली, न्हाई उतार."

आतून खोकला आला. मग खोकल्यातूनच आवाज: "कोन हाय गं? टेपवाली बाई का?"

"व्हय. तुमी गप पडा."

श्रेयाला मी हिरड्याशी बसवलं. ती मूठ मूठ उचलून टाकायला लागली, घुंगरं वाजायला लागली. मग मी कसंबसं चिमाबाईला सांगितलं. पुस्तक निघतंय, त्यात तुमचं गाणं आहे, नाव मात्र खरं हवं. गाण्यातला नाईक कोण?

ती सुपातला हिरडा चाळत राहिली.

"तुला कळलं व्हय," ती म्हणाली. "इतकी वर्सं कुनी इचारलं न्हाई."

"मग चांगोजी कुठून आला, आजी?"

"कुठून न्हाई. लगीन होऊन आले तवा सासूनं सांगितलं, हे गानं तुझ्या आईकडचं, हितं गाशील तर नाव बदल. आमच्या वाडीत चांगोजी कुनाचंच नाव नव्हतं. म्हनून त्येच घेतलं. कुनाच्या घरावर नगं जायला."

सरांचा मूळ पुरुष. कुणाचंच नाव नव्हतं म्हणून घेतलेला. माझ्या पिशवीत टेपरेकॉर्डर होता, तो मी बाहेर काढून सुरू केला.

"आजी, एकदाच. खऱ्या नावानं. हे एवढं कडवं."

"न्हाई."

"उखाण्यात घेतलंच असेल ना त्यांचं नाव? लग्नात?"

"घेतलं की. लेकीच्या लग्नात पन घेतलं, घास भरवताना. पन येडे, उखान्यात नाव घेतलं की त्येंचं आयुष्य वाढतं. गान्यात त्यो मरतो. माझ्या तोंडानं मारू व्हय त्यास्नी? आन् आत्ता? असं आत पडल्यात तवा?"

आतून पुन्हा आवाज आला. "लिही म्हनावं तिला! भिमाजीच नाव हाय. रेशनकार्डावर हाय तसं लिही. अजून जिता हाय म्या."

"तुमाला गप पडा म्हनलं ना!" चिमाबाई ओरडली. माझ्याकडं वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "बगितलंस? ह्ये असं चेष्टा करत्यात."

मी थांबायला हवं होतं. पण पंचवीस तारीख होती, आणि साड्यांखालचं ते पान होतं. मी म्हटलं, "मग पहिलं कडवं म्हणा. त्यात तो घाटाच्या माथ्यावर उभाच आहे. जिवंत आहे."

"गानं सुरू केलं की पुरं करावं लागतं. अर्ध्यात सोडलेलं गानं घरात बसून राहतं."

"आजी, ते नुसतं गाणं आहे. नाव घेतल्यानं काही होत नसतं."

चिमाबाईनं सूप खाली ठेवलं. ती रागावली नव्हती. फार शांतपणे तिनं मला विचारलं, "तुमच्या तिकडं उसात ते लई झालंय म्हनं. खरं हाय?"

"आहे."

"आन् ही पोर किती वर्सांची?"

"अडीच."

"बरं. मी गाते. त्यास्नी ऐकू जाईल असं गाते, खरं नाव घेऊन. पन पयलं तू म्हन." आणि तिनं मला एक वाक्य सांगितलं. तीन शब्दांचं. त्यात श्रेयाचं नाव होतं, उसात हिंडणाऱ्या त्या जनावराचं नाव होतं, आणि शेवटी एक क्रियापद. "म्हन. नुसतं म्हनायचं. नाव घेतल्यानं काय व्हत न्हाई, तूच म्हनलीस."

मी तोंड उघडलं. पहिला शब्द तर माझ्या मुलीचं नाव होता, दिवसातून शंभर वेळा मी तो घेत होते. तो बाहेर आलाच नाही. मी शिकलेली आहे, मी स्वतःला सांगितलं. म्हणून टाक. वाक्य आहे. हवा आहे. चालू टेपवर दाबून धरलेलं माझं बोट पांढरं पडलं होतं.

आणि तेव्हा मला कळलं की घुंगरं वाजत नाहीत.

मी वळले. हिरड्याशी श्रेया नव्हती. अंगण रिकामं. अंगणापलीकडं उतार, उताराला करवंदीच्या जाळ्या. कधीपासून वाजत नव्हती? मी किती वेळ ऐकलंच नव्हतं? "श्रेया!" आता ते नाव घशातून फाटून बाहेर आलं. मी उतारावर धावले, चप्पल तुटली, परत वर आले, घराच्या मागं गेले. चिमाबाईही धावत होती, पदर खाली लोळत. जाळीत काहीतरी हललं. कोंबडी होती.

"हितं हाय गं! हितं!"

भिमाजीचा आवाज. मी आत गेले. अंधारात आधी काही दिसेना. मग खाट दिसली. खाटेवर उशाला टेकलेला म्हातारा, आणि त्याच्या पायांशी श्रेया, दोन्ही हातांत गूळ. तिचे दोन्ही घोटे त्यानं आपल्या एका मुठीत धरले होते, पैंजणांसकट.

"घुंगरं लई वाजत व्हती," तो धापा टाकत म्हणाला. "तुमचं भाईर काय मोलाचं चाललंय म्हनलं. म्हनून धरून ठेवली."

मी श्रेयाला उचललं आणि खाटेच्या कडेला बसून रडले.  "आरं, एवढ्यासाठी?" म्हातारा म्हणत राहिला. चिमाबाई दारात उभी होती. पदर आवरत ती माझ्याकडं बघत होती. पुन्हा तिनं त्या वाक्याचा विषय काढला नाही, आणि मीही गाण्याचा काढला नाही. टेपरेकॉर्डर अंगणात चालूच राहिला होता. घरी आल्यावर मी ती टेप लावली. त्यात हिरडा चाळल्याचा आवाज आहे, आमचं बोलणं आहे, तिनं सांगितलेलं वाक्य आहे. त्यानंतर काही नाही. मग माझी किंकाळी.

दुसऱ्या दिवशी ती सगळी पानं मांडीवर घेऊन मी ओट्यावर बसले. श्रेयाला दोरीनं माझ्या कमरेशी बांधली होती. सासूबाईंनी येऊन दोरीची गाठ एकदा ओढून बघितली. गाण्यातला 'चांगोजी' मी खोडला नाही. तोंडातून तेच आलं होतं. समासात, बारीक अक्षरात, लिहिलं:

"गायिकेच्या नवऱ्याचं नाव भिमाजी. ते ती घेत नाही, या गाण्यात तर नाहीच, कारण गाण्यात तो मरतो. चांगोजी हे नाव वाडीत कुणाचंच नव्हतं म्हणून, सासूनं नाव बदलायला सांगितल्यावर, तिनं ते घेतलं. खऱ्या नावानं गा, असं मी तिला पुन्हा पुन्हा म्हटलं. तिनं ते घेतलं नाही. तिनं मला जे म्हणायला सांगितलं ते मीही म्हणू शकले नाही."

सोबत पत्र. सर, नाव त्यांच्या तोंडून आलेलं नाही आणि मी ते पुन्हा मागायला जाणार नाही. तुमच्या नियमानं चांगोजी छापायचा असेल तर छापा, पण हा समास त्याच्याबरोबर छापा. प्रस्तावना आहे तशीच जाणार असेल, तर पहिल्या पानावरचं माझं नाव काढावं ही विनंती.

ही शेवटची ओळ लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पंचवीस तारीख गेली. एकतीस गेली. पोस्टमन वळणावरून सायकल न थांबवता पुढं जायचा. मी सुदर्शनला म्हटलं, गेलं ते. तो म्हणाला, "म्हातारा गेला असेल," आणि मग माझं तोंड बघून म्हणाला, "म्हणजे बाहेरगावी गं." सासूबाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रजिस्टर पाकीट आलं. वर ठेवलेली चाळीस पानं, प्रत्येकावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकच तांबडी रेघ. शेवटच्या काही पानांवर ती रेघ वाकडी झाली होती. त्याखाली नवी सहा पानं. आणि बासष्टावं पत्र.

"चि. सौ. मोहिनीस, अनेक आशीर्वाद. उशीर झाला, कारण मी दहा दिवस तुमच्यावर चिडलो होतो आणि त्यानंतर तीन दिवस स्वतःवर. कार्ड माझ्याही टेबलावर होतं. नवी प्रस्तावना पाहा. समास छापतो आहे, नावही आहे तिथंच राहील. एकच हरकत. तुमच्या शेवटच्या ओळीत तुम्हाला काय म्हणायला सांगितलं होतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. वाचणाऱ्याला ते लागेल. संकलकानं हातचं राखू नये. उलट टपाली कळवा. भिमाजींची तब्येत कशी आहे तेही."

सासूबाई बैलांना पाणी पाजून येत होत्या. श्रेया आता दोरीशिवाय होती, ओट्याच्या खांबाभोवती गिरक्या घेत, घुंगरं वाजवत. मी पोस्टकार्ड घेतलं. भिमाजी उठून बसायला लागलेत, जीपवाल्यानं सांगितलं, हे आधी लिहिलं. मग लिहिलं, "चिमाबाई मला म्हणाल्या, म्हण," आणि अवतरणचिन्ह उघडलं.

पेन टेकवलं. उचललं. सर बरोबर होते, वाचणाऱ्याला ते लागणार होतं. पुन्हा टेकवलं. अंगणात घुंगरं क्षणभर थांबली, माझी मान वर झाली, परत वाजली.

मग मी कार्डाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत टिंबं दिली आणि अवतरणचिन्ह बंद केलं.

सरांनी ती ओळ तशीच छापली.